पटत नाही त्यानं वाचायचं

आमच्या निमगाव केतकीत दोन म्हातारी माणसं रोज सकाळी सात वाजता भांडतात. त्यांचं भांडण ऐकत ऐकतच मी मोठी झाले, त्यामुळं बरीच वर्षं मला वाटायचं की पेपर छापतातच मुळी भांडायला. मधे अकरा दिवस हे भांडण बंद होतं. ते माझ्यामुळं बंद पडलं, म्हणून मीच सांगते. जरा भरभर सांगेन, कारण मला सगळं एकदम सांगायचं असतं. आई म्हणते, तुझी बोटं डोक्याच्या आधी पोचतात. त्या दिवशी तेच झालं.

तर दोघांतले एक माझे आबा, वडिलांचे वडील. शाळेत गुरुजी होते. रिटायर होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली तरी गाव त्यांना गुरुजीच म्हणतं. दुसरे तात्या. तात्यांचा ऊस आहे, चार जर्सी गाई आहेत, आणि रोज सकाळी ते आमच्या विहारासमोरच्या डेअरीवर दूध घालायला येतात. दूध घातलं, फॅटची पावती खिशात कोंबली, रिकामं कॅन मोटरसायकलला अडकवलं, की रस्ता ओलांडून विहाराच्या कट्ट्यावर. पेपर तिथं येतो, आबांनीच तो विहारासाठी लावलाय. तात्या आल्या आल्या म्हणणार, "जय भीम, गुरुजी." आबा म्हणणार, "राम राम, तात्या." प्रत्येकानं दुसऱ्याचा नमस्कार करायचा. हे कधी ठरलं कुणालाच माहीत नाही. लहानपणी मी तात्यांना विचारलं होतं, तर म्हणाले, "आपलं आपन घरी म्हनतोच की. हितं येऊन ज्येचं त्येला द्यायचं."

आता नियम सांगते, कारण सगळं त्या नियमावर आहे.

माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. कालव्याच्या पाण्यावर कुणीतरी लेख लिहिला होता. तात्यांना तो बिलकूल पटला नव्हता, म्हणून त्यांनी तो नाकातून आवाज काढून, मधे मधे "व्हय रं माझ्या शान्या" असं घालून वाचायला सुरुवात केली. कट्ट्यावरचे सगळे हसले. आबा हसले नाहीत. म्हणाले, "तात्या, परत पहिल्यापासून. ज्यानं लिहिलंय तो इथं समोर बसलाय असं समजून वाचा." मास्तरच ते. तात्यांनी चिडून परत वाचला, पण नीट वाचला. तेव्हापासून ठरलं. ज्याला लेख पटत नाही त्यानंच तो मोठ्यानं वाचायचा, आणि असा वाचायचा की तिसऱ्या माणसाला कळता कामा नये की वाचणाऱ्याला तो पटत नाही. वाचून झाला की पेपरची घडी घालायची. घडी पडेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. घडी पडली की मग काय बोलायचं ते बोला.

आणि मग जे बोलायचे ना. पहिलीपासून पोरांना तिसरी भाषा शिकवावी का नको, ह्यावर चार दिवस चाललं होतं. शिकवावी म्हणणारा लेख आबांनी वाचला, कारण पटत नव्हतं ते आबांना. अगदी गोड आवाजात वाचला. घडी पडली.

"आता मी बोलू? पोरगं उद्या दिल्लीला गेलं तर काय हातवारं करंल का?" तात्या म्हणाले.

"तुम्ही गेला होता की दिल्लीला. तुमचं अडलं का?"

"अडलं म्हनूनच सांगतोय. दोन दिस नुसत्या चहावर काढलं. जेवान मागता यीना."

"आधी पोरांना आपली बाराखडी येऊ द्या. पस्तीस वर्षं शिकवलीय मी. तुमच्या पुतण्याला 'ण' म्हणायला तिसरी उजाडली."

"त्यो अजून म्हनत न्हाय."

आणि मग दोघंही हसत सुटायचे. कोण जिंकलं हे कधीच ठरायचं नाही. मला ते जरा विचित्रच वाटायचं. मी बारामतीला कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे आणि वादविवाद स्पर्धेला जाते. तिथं चिठ्ठी निघते, बाजूनं किंवा विरोधात. घंटा वाजली की समोरच्याला आडवं करायचं, दुसऱ्या घंटेच्या आत. दोन कप आहेत घरी. त्यामुळं कट्ट्यावरचं भांडण मला गोड वाटायचं, पण जुन्या रेडिओसारखं गोड. आणि गोड वाटलं म्हणूनच मी मोबाईल काढला.

त्या दिवशी लेख आरक्षणावर होता. तात्यांचा समाज आरक्षण मागतोय. आमच्याकडं गेली काही वर्षं हाच विषय आहे, लग्नाच्या पंगतीत हाच, सलूनमधे हाच, मोटरसायकलच्या नंबरप्लेटीवरसुद्धा हाच. लेख त्या मागणीच्या विरोधातला. म्हणजे नियमानं तो तात्यांच्या वाट्याला आला. आणि तात्यांनी तो काय वाचला. लिहिणाऱ्यानं जिथं प्रश्न विचारलाय तिथं खरंच आबांकडं बघून प्रश्न विचारला. जिथं त्यानं हात जोडलेत तिथं तात्यांचा आवाज खाली आला. मी मिनिटभर शूट केलं. तेवढ्यात इंदापूरकडनं बारामती गाडी आली आणि मी पळाले. घडी पडायची होती अजून.

गाडीत उभ्यानंच, एका हातानं दांडा धरून, दुसऱ्या हातानं टाईप केलं. "आमचे तात्या. ऐकाच." पुढं एक बदाम. स्टेटसला टाकलं, फोन बॅगेत टाकला. कॉलेजच्या अभ्यासिकेत फोन बाहेर कप्प्यात ठेवावा लागतो. डबा खायला बाहेर आले तेव्हा दुपार झाली होती.

स्टेटस कुणीतरी उतरवून घेतलं होतं. आता ते माझं राहिलं नव्हतं. एका ग्रुपवर तात्यांच्या तोंडाला लाल गोल केला होता आणि खाली लिहिलं होतं, आपलाच माणूस कसा फितूर झालाय बघा, कुठं बसून बोलतोय ते पण बघा. दुसऱ्या ग्रुपवर बावड्याच्या आमच्याच एका नातेवाइकानं टाकलं होतं, बघा, त्यांच्यातला समजूतदार माणूससुद्धा कबूल करतोय. त्याखाली टाळ्याच टाळ्या. खरं सांगते, मला दुसऱ्याचंच जास्त लागलं. ते आमचे होते आणि खूश होते.

मी स्टेटस काढलं. मग भलामोठा खुलासा लिहिला, नियम काय, घडी काय, तात्या कोण. कुणी वाचला नाही. एकानं खाली अंगठा टाकला, तो कशासाठी टाकला ते मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कट्ट्यावर आबांच्या शेजारी जाऊन बसले. मोटरसायकल आली, कॅन वाजलं, पण गाडीवर तात्या नव्हते, त्यांचा पुतण्या होता. तो लोणी देवकरच्या एका कंपनीत कामाला आहे. आईबाप लवकर गेले, तात्यांनीच त्याला वाढवला. त्यानं दूध घातलं, पावती घेतली, कट्ट्याकडं मान वळवली नाही. आबांनी हाक मारली, "काय रे, तात्या बरे आहेत ना?"

"हायत की, गुरुजी. त्यास्नी आता येळ न्हाय गावत."

गाडी गेली. आबांनी पेपर होता तसा बाजूला ठेवला. उघडलासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशीचा पेपर त्याच्यावर ठेवला. तिसऱ्या दिवशीचा त्याच्यावर. आबा मला एक शब्द बोलले नाहीत, आणि मला बोलणी खावी लागली असती तर परवडलं असतं. पाचव्या दिवशी मीच म्हटलं, "आबा, वाचा ना. निदान तुम्हाला पटत नाहीत ते तरी."

"ते वाचायचे तर ज्याला पटतात तो समोर लागतो," आबा म्हणाले. "नाहीतर मी मनातल्या मनात नक्कल करत वाचतो, पोरी. मला माहितीय मी."

मी काय करावं? मी तेव्हाही ठरवलं की व्हिडिओच करायचा. तात्यांचा दुसरा व्हिडिओ, त्यात तात्या स्वतः सांगतील की तो लेख माझं मत नाही, मी फक्त वाचला. स्क्रिप्टसुद्धा लिहिली. रविवारी दुपारी स्कूटी काढली आणि तात्यांच्या वस्तीवर गेले.

दारात पुतण्या मोटरसायकल धूत होता. पाइप माझ्या पायापर्यंत आणून म्हणाला, "या. आज काय, लाइव्ह हाय का?"

"माफी मागायला आलेय."

"मग मोबाईल डिकीत ठेव. माफी काय मोबाईलवर मागायची नसती."

ठेवला. गोठ्यात तात्या कडबाकुट्टीच्या मशीनवर वैरण करत होते. मला बघून मशीन बंद केलं. मी जे पाठ करून गेले होते ते सगळं विसरले. नुसतं "तात्या, चुकलं" एवढं निघालं, आणि मग रडू आलं, ते मात्र भरपूर आलं.

"रडू नगं. गाय बुजती," तात्या म्हणाले. "मी वाचलं ते चांगलं वाचलं का न्हाय, ते सांग आधी."

"फार चांगलं वाचलं."

"मग झालं तर. लोकास्नी खरं वाटलं म्हंजी गुरुजींचा नियम पास झाला."

मी डोळे पुसून लगेच स्क्रिप्टवर आले. एकच मिनिट बोला, तात्या, मी नीट शूट करते, सगळं मिटेल. तात्यांनी ऐकून घेतलं. मग मानेनं नको म्हणाले.

"एकदा का मी म्हनलो ते माझं न्हवं, की उद्यापासनं कुनीबी दुसऱ्याचं वाचायच्या आदी सांगनार, बाबांनू, ह्ये माझं न्हवं बरं का. मग वाचायचं कशाला? नक्कलच केलेली बरी."

"मग तुम्ही येत का नाही? आबांनी अजून एक पेपर उघडलेला नाही."

तात्यांनी हातातली वैरणीची काडी मोडली. मग दाराकडं हनुवटी केली आणि हळू म्हणाले, "कंपनीच्या गाडीत पोरांनी त्येला लई बोल्लं. तवापासनं त्यो माझ्यासंगं जेवत न्हाय. ताट घिऊन ओट्यावर बसतो. मी कट्ट्यावर आलो तर त्यो ओट्यावरनं पन उठंल. गुरुजींना कसं सांगू ह्ये? तूच सांग त्यास्नी, तात्याला येळ न्हाय म्हनून."

तेव्हा मला कळलं की नुसत्या माफीनं काहीही होणार नाही. तात्यांना मी एका बाजूला गुरुजी आणि दुसऱ्या बाजूला पोर, असं उभं करून ठेवलं होतं, आणि तात्यांनी पोराकडचं निवडलं होतं. दुसरं काय निवडणार होते ते.

मी दारात गेले. पुतण्या चाकाच्या तारा पुसत होता. म्हटलं, "तात्यांना तो लेख पटत नाही. पटत नाही म्हणूनच त्यांनी वाचला." आणि सगळा नियम सांगितला. तो कधी कट्ट्यावर बसलेलाच नव्हता, सकाळी त्याला कंपनीची गाडी गाठायची असते. इतकी वर्षं तात्या कट्ट्यावर काय करतात हे त्याला ठाऊकच नव्हतं.

"पटत नसताना असं कोन वाचतं गं?"

"तात्या वाचतात."

"असं? मग तू पन वाचत असशील." त्यानं हात पुसले, खिशातनं मोबाईल काढला, काहीतरी शोधलं आणि माझ्यापुढं धरला. "ह्ये वाच. मोठ्यानं. नक्कल केली तर गाडी वळव आन् घरी जा."

त्यांच्या ग्रुपवरची लांबलचक पोस्ट होती, खाली नाव नव्हतं. पहिल्याच ओळीत होतं, ह्यांना सगळं फुकट मिळालं. ह्यांना म्हणजे आम्हाला. माझी जीभ तिथंच अडली. स्पर्धेत विरोधात बोलताना कसं टोकदार बोलायचं ते मला येतं, पण टोक काढून कसं वाचायचं ते मला येत नव्हतं. मी तात्यांना आठवलं, कट्ट्यावरचे. परत पहिल्यापासून सुरुवात केली, लिहिणारा समोर बसलाय असं समजून.

पुढं पोस्ट बदलत गेली. कंत्राटावरचं काम होतं. सात महिने झाले की ब्रेक, मग परत नव्या माणसासारखं गेटवर उभं राहायचं. भरतीत दोनदा थोडक्यात गेलं होतं, शेजारी बसून अभ्यास करणाऱ्या मित्राचं नाव लागलं होतं. मित्राचा राग नाही, असं लिहिलं होतं. राग ह्याचा आहे की घरी-दारी सगळे म्हणतात, तू कष्ट कमी केलेस. त्याच्या खालची ओळ होती, ज्यांनी मला वाढवलं त्यांना मी अजून काही आणून दिलेलं नाही.

तिथं मी थांबले नाही, थांबायचं नसतं, पण नजर वर गेली. तो माझ्याकडं बघत नव्हता. पाइपातलं पाणी तसंच वाहत होतं आणि त्याचे कान लाल झाले होते. मला कळलं पोस्ट कुणी लिहिलीय. तात्याही गोठ्याच्या दारात येऊन उभे होते. त्यांनी ती कधी वाचलेली नसणार, ग्रुपवर नाहीत ते.

शेवटपर्यंत वाचली. घडी घालायला काही नव्हतं, म्हणून मोबाईल पालथा करून सीटवर ठेवला.

"फुकट हे मला पटलं नाही," मी म्हटलं. "आबांना लहानपणी शाळेत पाण्याच्या माठाला हात लावू देत नव्हते. दिवसभर तहानलेले बसायचे आणि घरी येऊन पाणी प्यायचे."

"गुरुजी कधी बोल्ले न्हायत."

"तू विचारलंस?"

"मला कुनी इचारलं?" तो म्हणाला. "लेख लिव्हनारं इचारत्यात का, गेटवर किती येळ उभा होतास म्हनून?"

"मग कष्ट कमी केले म्हणणाऱ्यांवर चिड ना. आमच्यावर कशाला चिडतोस?"

"तुमी जवळ हायसा म्हनून."

आम्ही त्यानंतरही पुष्कळ भांडलो, अर्धा तास तरी. कुणाचंच मत बदललं नाही, मला तसं दाखवायचं पण नाहीये. मधे तात्यांनी पाण्याचा कॉक बंद केला आणि येता येता पुतण्याच्या पाठीवरनं नुसता हात फिरवून गेले. निघताना मी डिकीतनं मोबाईल काढला तर पुतण्या म्हणाला, "स्टेटस टाक आता. आमचे पुतने, ऐकाच." मला हसावं का नाही तेच कळेना. तो हसला, म्हणून मग हसले.

सोमवारी तात्या आले नाहीत. मंगळवारी आले नाहीत. आबांच्या शेजारची पेपरांची थप्पी आता पिशवीत मावत नव्हती. मी आबांना सगळं सांगितलं होतं. पोस्टही सांगितली, आठवली तशी. आबा इतकंच म्हणाले, "हुशार होता वर्गात. मीच त्याला 'ण' वरनं फार छळला."

बुधवारी मोटरसायकल आली. पुढं पुतण्या, मागं तात्या, मधे कॅन. त्याची त्या दिवशी सुट्टी होती. दूध घातलं, पावती घेतली, आणि दोघं रस्ता ओलांडून इकडं आले. तात्या कट्ट्यावर आपल्या जागी बसले. पुतण्या बसला नाही, गाडी स्टँडवर लावून तिलाच टेकून उभा राहिला.

"जय भीम, गुरुजी."

"राम राम, तात्या. वेळ मिळाला वाटतं."

"मिळाला जरा. जेवनं लवकर हुत्यात आता, एका पंगतीत." तात्यांनी थप्पीकडं बघितलं. "ह्ये सगळं शिळं वाचायचं व्हय?"

"तुम्हीच साठवलंय."

आबांनी थप्पी उपसली, एकेक पेपर उघडून नजर टाकली आणि मधलाच एक काढला. त्यात त्या लेखाला कुणीतरी दिलेलं उत्तर होतं, तात्यांच्या बाजूचं. मला वाटलं आता आबा वाचणार, कारण आबांना त्यातलं निम्मं तरी पटलं नसतं. पण त्याच्या शेजारी दुसरं एक पत्र होतं, परत विरोधातलं. आबांनी बोटानं ते पत्र दाखवत पेपर पुतण्यापुढं धरला.

"मला न्हाय पटायचं ह्ये, गुरुजी. न वाचताच सांगतो."

"म्हणून तर तुला देतोय."

त्यानं तात्यांकडं बघितलं. तात्या डेअरीकडं बघत होते, मुद्दामच. शेवटी त्यानं पेपर घेतला आणि वाचायला लागला. पहिलीतल्या पोरासारखा, एका दमात, कुठं थांबायचं ते न कळता. दोन ओळींनंतर आबा म्हणाले, "सावकाश. ज्यानं लिहिलंय तो इथं बसलाय."

"कुठं बसलाय?"

"समज."

त्यानं श्वास घेतला आणि परत पहिल्यापासून सुरुवात केली. ह्या वेळी जरा बरं. तेवढ्यात इंदापूरकडनं बारामती गाडी आली. कंडक्टर मला ओळखतो, त्यानं दारातनं हात केला, मग ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. पुतण्या वाचता वाचता थांबला आणि माझ्याकडं बघितलं. तात्यांनीही बघितलं.

मी कंडक्टरला हातानंच सांगितलं, जा. गाडी गेली. मी बॅग मांडीवरनं खाली ठेवली, आणि पेपरची घडी पडेपर्यंत बसून राहिले.